वाऱ्याने आणलेला डोंगर

परवा सकाळी वायव्येचा वारा सुटला. इथे अमेरिकेत, ओमाहात, तो असाच येतो, आदल्या दिवशी कल्पना न देता. रात्री पातळ चादरीत झोपलेलं शहर सकाळी उठून जॅकेटं शोधायला लागतं. माझी जॅकेटं सप्टेंबरच्या अखेरीलाच माळ्यावरून खाली आलेली असतात, त्यामुळे मला शोधाशोध नसते. हिवाळ्याआधीच्या कामांची यादी फ्रीजवर लागलेली असते: बागेचा नळ बंद करणे, फर्नेसचा फिल्टर बदलणे, गाडीत फावडं आणि ब्लँकेट ठेवणे, खिडक्यांच्या खाचा पुसणे. परवा मी खाचांपर्यंत आले होते. ओलं फडकं फिरवलं आणि त्यावर पिवळसर, पिठासारखी एक रेघ उमटली.

पूर्वी मी ते फडकं धुऊन पुढच्या खिडकीकडे गेले असते. धूळ या विषयात माझी बाजू पहिल्यापासून पक्की आहे. पण हल्ली मी ती रेघ बोटावर घेते, अंगठ्याने चोळते आणि नुसती उभी राहते. माझा नवरा मिलिंद कॉफी घेऊन मागून गेला. म्हणाला, "काय वैशाली, थांबणे असं पण लिहिलंयस का यादीत?"

मुक्ता आमच्याकडे यायची त्या वर्षीच्या शरदापासून हे असं झालंय.

मुक्ता माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. नागपूरची. भूशास्त्रात एमएस करायला ती आमच्यापासून तासाभरावरच्या एका विद्यापीठात आली. बहिणीने फोनवर बजावलं होतं, "तुझ्या जवळ आहे म्हणून पाठवतेय हं. मातीत हात घातला की ही पोरगी जेवायचं विसरते." मी जेवणाची व्यवस्था लावून टाकली. शनिवार-रविवार आमच्याकडे, जाताना दोन भाज्या, पोळ्या फ्रीझरमध्ये टाकायला वेगळ्या. पहिल्याच शनिवारी पिठलं वाढता वाढता मी विचारलं, "अभ्यास नक्की कशाचा?"

"लोएसचा, मावशी."

हा शब्द मी तीसएक वर्षांत ऐकला नव्हता. नववीच्या भूगोलात तो होता. वाऱ्याचे संचयन कार्य. जोड्या लावायच्या प्रश्नात डावीकडे 'लोएस मैदान' आणि उजवीकडे 'चीन'. मी बरोबर जोडी लावून मार्क घेतला होता आणि विषय संपवला होता. वारा एकीकडची माती उचलतो आणि दुसरीकडे टाकतो, यात शिकवण्यासारखं काय आहे हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

"ते चीनला असतं ना?" मी म्हणाले.

"चीनला तर आहेच. पण इथंही आहे. तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर. तू पाहिलं नाहीस?"

मी त्या वेळी बारा वर्षं ओमाहात राहत होते. मिसुरी नदी ओलांडून पलीकडे आयोवात आम्ही दर सप्टेंबरात सफरचंदं तोडायला जात होतो. वाटेत टेकड्या लागायच्या. त्या मी टेकड्याच समजत होते.

पुढच्या रविवारी तिने आम्हाला नेलं. पूल ओलांडला की नदीकाठची सपाटी लागते, तव्यासारखी, मक्याने आणि सोयाबीनने भरलेली. आणि मग मध्ये काही पायरी न ठेवता एकदम डोंगर उभे राहतात. उत्तर-दक्षिण, नदीला समांतर, नजर पोचेल तिथपर्यंत. त्यांच्या धारा एवढ्या अरुंद की वर चालणाऱ्याला दोन्हीकडचा उतार एकदम दिसतो. उतारांवर लाल पडत चाललेलं उंच गवत, मधूनमधून आपल्याकडच्या घायपातासारखी टोकदार पानांची झुडपं. एका ठिकाणी डोंगर कापून जिल्ह्याचा छोटा रस्ता काढला होता. मुक्ताने तिथे गाडी थांबवली.

रस्त्याच्या बाजूला भिंत होती. तीन मजली इमारतीएवढी, सरळ उभी, फिकट पिवळी. बेसन नुकतं भाजायला घेतल्यावर असतं त्या रंगाची. मी दगड असेल म्हणून हात लावला. बोटावर पीठ आलं. नखाने ओढलं तर रेघ उठली.

"यात दगड कुठाय?" मिलिंदने विचारलं. तो जुन्नरकडचा. डोंगर म्हणजे काळा पत्थर, हे त्याच्या रक्तातच आहे.

"नाहीच ना काका. वरपासून खालपर्यंत धूळ. हा अख्खा डोंगर वाऱ्याने आणून टाकलाय."

आमची अन्वी तेव्हा तेरा वर्षांची होती आणि तिला कशाचंच कौतुक वाटू द्यायचं नव्हतं. ती फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "सो इट्स लिटरली जस्ट डर्ट."

"हो गं," मुक्ता म्हणाली. "पण इकडून तिकडे बघ ना. ही डर्ट पडायला किती हिवाळे लागले असतील?"

अन्वीने मान वर केली. मीही केली. मला एकदम आमच्या चिंचवडच्या घराजवळची गिरणी आठवली. दळण घेऊन रांगेत उभं राहायचं काम माझ्याकडे असायचं. जात्याच्या तोंडाशी पीठ बोटभर जाड बसलेलं, बाकड्यावर त्याहून पातळ, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणखी बारीक, आणि पार वर कोपऱ्यातल्या जळमटावर इतकं तलम की जळमट विणल्यासारखं दिसायचं. मी हे बोलून दाखवलं तशी मुक्ताने टाळीच दिली. "मावशी, अगदी हेच! नदीजवळ जाड थर, जाड कण. पूर्वेला जावं तसा थर पातळ, कण बारीक. अख्खं आयोवा ओलांडून गेलीस तरी हे पीठ सापडत राहतं."

आणि जातं होतं बर्फाचं. उत्तरेला कोस न् कोस पसरलेल्या हिमनद्या सरकता सरकता खडक भरडत होत्या. उन्हाळ्यात बर्फ वितळायचा, नदीला लोंढे यायचे आणि ते पीठ या सपाटीवर चिखल होऊन पसरायचं. हिवाळा आला की पाणी आटायचं, चिखल सुकायचा, आणि मग वायव्येकडून वारा यायचा. उन्हाळ्याने आणायचं, हिवाळ्याने उचलायचं. नदीचा काठ चढताना वाऱ्याचा जोर मोडायचा आणि हातातलं ओझं इथे खाली पडायचं. एका हिवाळ्यात एखादा पातळ पापुद्रा. मला कामाची अशी वाटणी पटकन समजते. पण हे काम कुणी थांबवलं नाही, कुणी पूर्ण झालं म्हटलं नाही, आणि हजारो वर्षांनी तिथे डोंगर होता. मी खायला काढलेली सफरचंदांची पिशवी गाडीत ठेवली आणि परत जाऊन भिंतीला हात लावून आले.

येताना गाडीत मुक्ता चीनबद्दल सांगत होती. आपल्या लेखी मान्सून म्हणजे पाऊस, छत्र्या, शाळेचे नवे बूट. तिकडच्या लोकांना मान्सूनची दुसरी बाजूही ठाऊक आहे. हिवाळ्यात सायबेरियावर हवा इतकी थंड आणि जड होते की ती बसकण मारते आणि मग कडेने ओसंडून दक्षिणेकडे सुटते. वाटेत वाळवंटं. तो हिवाळी मान्सून थेंबभर पाणी देत नाही, धूळ देतो. वादळामागून वादळं, वसंतापर्यंत. लाखो वर्षं तो ती धूळ एकाच पठारावर ठेवत आलाय, आणि लोकांनी त्या मातीत शेतं केली, तिच्यातच घरं कोरली. वारा जोराचा होता त्या काळचे कण जाड, मंद होता त्या काळचे बारीक. पावसाळी, उबदार काळ आला की गवत उगवून थर तपकिरी पडायचा. वारा दिसत नाही, ऐकून ठेवता येत नाही, पण तिथे तो थरांवर थर साठवून ठेवलेला आहे.

"मग आपल्याकडे का नाही आली ती धूळ?" मिलिंदने विचारलं.

"हिमालय आडवा आहे ना काका. नाहीतर आमच्या नागपूरला संत्री कुठली, पिवळी माती खात बसलो असतो."

मुक्ताचा प्रश्न मात्र आयोवाच्या त्या रस्त्याकडेच्या भिंतीपुरता होता. भिंतीच्या पायथ्याशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक तपकिरी पट्टा होता. तो जुनी जमीन. त्यावर एके काळी गवत होतं. त्याच्या लगेच वर पिवळं सुरू. "या इथं बघ," तिने बोट ठेवलं होतं. "इथपर्यंत गवत वाढत होतं. आणि इथं वारा सुटला. कधी सुटला, ते मला शोधायचंय."

ते शोधायची रीत मला दोनदा समजावून घ्यावी लागली. मातीच्या कणावर ऊन पडलं की तो आतून रिकामा होतो. मग त्याच्यावर दुसरी माती पडली, तो अंधारात गेला, की आजूबाजूच्या मातीतल्या अतिशय मंद किरणांनी तो पुन्हा भरायला लागतो. बारीक धार सोडलेल्या नळाखाली कळशी ठेवावी तसा. किती भरला ते मोजलं की किती काळ अंधारात होता ते कळतं. मोजायचं तेही उजेडानेच. म्हणून नमुना घेताना पोलादी पाइप भिंतीत ठोकायचा, ताडपत्रीखाली तो बाहेर काढायचा, दोन्ही तोंडांना बुचं लावायची, काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा आणि प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत जाईपर्यंत उघडायचा नाही. वीस-पंचवीस हजार वर्षं सांभाळलेला अंधार गाडीच्या डिकीतून न्यायचा.

तिने ऑक्टोबरात नमुने घेतले. वेळ बेताचीच होती, कारण जिल्हा तो रस्ता रुंद करणार होता, भिंतीच्या पायथ्याला पाइपलाइन टाकून भर घालणार होता. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तिचा नंबर जानेवारीत लागला होता आणि तिचा पगार वसंतापर्यंतच होता. पायथ्याचे दोन पाइप म्हणजे तिच्या प्रबंधाचं उत्तर. वरचे सगळे त्या उत्तराच्या आधाराला. लॅबला सुट्टी होती म्हणून दोन दिवस ते आमच्या गॅरेजमध्ये राहणार होते. सोबत तिने भिंतीखाली पडलेल्या मातीची ढेकळं बादलीभर आणली होती, ती मिलिंदसाठी. कारण दिवाळी आली होती आणि मिलिंद किल्ला करणार होता.

मिलिंद दर दिवाळीत किल्ला करतो. बाहेर वारा आणि गारठा असतो म्हणून गॅरेजमध्ये, जुन्या दारावर पोती टाकून. एरवी तो बागेच्या दुकानातली माती आणायचा आणि बुरूज ढासळले की अमेरिकेला शिव्या द्यायचा. त्या वर्षी ढेकूळ हातात घेऊन त्याने सुरी फिरवली आणि चीजसारखा सरळ कडा कापला गेला. तो हरखूनच गेला. "वैशाली, बघ! कोकणकडा!" हरिश्चंद्रगडाचा तो कडा मी पाहिलेला आहे. छाती धडधडते तिथे. मिलिंदने तो हुबेहूब उभा केला होता, अगदी पोटातल्या बाकासकट, आणि माती टिकली होती. भिंतीसारखी उभी राहणारी धूळ. ती उभी कापली तरच टिकते, हे मुक्ताने सांगितलं होतं. तिरपी कापली की पावसाने ओघळी पडतात.

मी स्वयंपाकघरात चकल्या तळत होते. संध्याकाळी आठ कुटुंबं यायची होती. गॅरेजमधून अन्वीचा आवाज आला, "बाबा, स्टॉप! इट्स मेल्टिंग!"

किल्ला झाला की त्यावर हळीव पेरायचे आणि पाणी शिंपडायचं. लहानपणापासून हात तसाच चालतो. मिलिंदनेही झारी उचलली. लोएस कोरडा असेपर्यंत भिंत असतो. पाणी लागलं की कणाकणांमधली पकड सुटते आणि तो जागच्या जागी बसतो. कोकणकडा खाली आला, त्याच्याबरोबर महादरवाजा आणि प्लॅस्टिकचे दोन मावळे. बादली रिकामी होती, पाहुणे दोन तासांत येणार होते, आणि शेल्फवर काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली तीच पिवळी माती होती. त्याला वाटलं, पोरीने किल्ल्यासाठी किती व्यवस्थित बांधून आणलीय. पायथ्याचे दोन सगळ्यात पुढे ठेवलेले होते, तेच त्याने उघडले.

मुक्ता चारला आली. मी तिच्या हातात चकली दिली, ती खात खात गॅरेजमध्ये गेली. गॅरेजचं मोठं दार उघडं होतं, उतरतं ऊन थेट किल्ल्यावर पडलं होतं आणि मिलिंद पाइप उलटा करून तळाशी थापट्या मारत होता.

"काय करून राहिले काका तुम्ही?"

"कडा पुन्हा बांधतोय. फर्स्ट क्लास माती आणलीस हं."

"बादली आणली होती काका. पाइप नाही."

मी तिच्या मागे पोचले तोवर मिलिंदच्या चेहऱ्यावरचं हसू अर्धवट राहून गेलं होतं. मुक्ता गॅरेजच्या पायरीवर बसली. ती रडेल असं मला वाटलं, पण ती त्या मातीच्या ढिगाकडे टक लावून बघत होती. पुढे झाली आणि तिने त्यातली चिमूटभर तळहातावर घेतली. उन्हात धरली.

"मावशी," ती म्हणाली, "याने आत्ता ऊन पाह्यलं. इतक्या वर्षांनी."

"परत घालून ठेवलं तर?" मिलिंदने विचारलं. त्याच्या हातातला पाइप अजून उलटाच होता.

"आता नाही होत काही. आता हे आजचं आहे."

मी मुक्ताला विचारलं, "रस्त्याचं काम कधी सुरू होतंय?"

"सोमवारी."

"म्हणजे उद्याचा दिवस आहे."

"उद्या वाऱ्याचा इशारा आहे, मावशी. आणि यंदा पाऊस नाही, शेतं सगळी कापून उघडी पडलीत. धूळ उठेल."

"उठू दे," मी म्हणाले. "सकाळी आठला निघू." पाहुणे येऊन गेले. किल्ल्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. मिलिंदने एकालाही तो कसा केला ते सांगितलं नाही. मी पाहुण्यांना चिवडा वाढता वाढता मनात सामान लावत होते: ताडपत्र्या दोन, दोर, मास्क, अन्वीचे पोहायचे गॉगल, घण, पाण्याचे कॅन, थर्मास, पुरी-भाजी.

दुसऱ्या सकाळी अन्वीला घरी ठेवून आम्ही तिघं पूल ओलांडत होतो तेव्हा आकाश स्वच्छ होतं, निळं आणि कडक. वाऱ्याने गाडी एका बाजूला ढकलली जात होती. सपाटीवर आलो आणि अर्ध्या वाटेत मिलिंद म्हणाला, "ते काय आहे?" पश्चिमेकडून, नदीच्या पलीकडून, जमिनीला चिकटून एक तपकिरी भिंत येत होती. तिचा वरचा काठ उन्हात सोनेरी दिसत होता. पक्ष्यांचा एक थवा तिच्यापुढून वेडावाकडा निघून गेला. मिलिंदने रस्ता सोडून गाडी गवतात घेतली, इंजिन बंद केलं, सगळे दिवे बंद केले. इथे शिकवतातच तसं. दिवे चालू राहिले तर मागचा माणूस तुम्ही चालताय असं समजून तुमच्या मागे येऊन आदळतो.

मग उजेड गेला. सकाळी साडेआठला बॉनेटचं टोक दिसेना. आवाज मात्र सगळीकडून होता, पत्र्यावर रवा ओतत राहावा तसा, न थांबता. बंद काचांतूनही दातांत कचकच आली. पाहता पाहता डॅशबोर्डवर पिवळी साय धरली. मी पर्समधून टिश्यू काढला आणि हातातच ठेवला. पुसायचं काय होतं त्यात? मी डोंगर तयार होताना बघत होते. वाचून, ऐकून, भिंतीला हात लावूनही जे मला नीट खरं वाटलं नव्हतं, ते आमच्यावरून चाललं होतं. असे किती दिवस. असे किती हिवाळे, एकही माणूस बघायला नसताना, एकही खिडकी पुसायची नसताना.

"हे तेच आहे का?" मी हळूच विचारलं.

"ही शेतातली माती आहे मावशी, शेतकऱ्याचं नुकसान आहे. ती बर्फाने दळलेली होती." मुक्ता काचेला नाक लावून बसली होती. "वाऱ्याला काही फरक नाही पडत. तो तेच करून राहिला अजून."

अर्ध्या तासाने बॉनेट दिसलं, मग कुंपण, मग डोंगर. वादळ पुढे डोंगरांवर चढत होतं आणि माथ्यांवरून त्याचे पदर उडत होते. वारा मात्र होताच.

भिंतीजवळ रस्त्याचं सामान येऊन पडलं होतं, मोठे सिमेंटचे पाइप आणि पिवळी यंत्रं. मुक्ताने तपकिरी पट्ट्यावर खुरप्याने वरची साल काढून ताजी माती उघडी केली. पहिला पाइप हातभर आत गेला आणि खणकन अडला. आत चुन्याची गाठ होती. अशा गाठी या मातीत बनतात, बटाट्याएवढ्या. पाइपचं तोंड वाकलं. आणलेल्या दोनांपैकी आता एकच उरला. तिने वीतभर बाजूला जागा निवडली, मिलिंदने घण उचलला. ठोके मारताना तो दर वेळी तिच्याकडे बघत होता, तिने मान हलवली की पुढचा. पाइप गेला, पूर्ण गेला.

काढायचं काम ताडपत्रीखाली. मुक्ता आत शिरली. वरची कड मिलिंदने दोन्ही हातांनी भिंतीवर दाबली, खालची मी, पोटाने आणि गुडघ्यांनी. गाल भिंतीला टेकला होता. माती थंड होती आणि तिला वास नव्हता. आतून मुक्ताचा श्वास ऐकू येत होता, पाइप हलवल्याची करकर, मग "आला, आला," आणि त्याच क्षणी झोत आला. ताडपत्री माझ्या पकडीतून सुटून फाडकन वर गेली. लख्ख ऊन आत पडलं. मुक्ताच्या हातात पाइप होता, एका टोकाला बूच होतं, दुसऱ्या टोकावर तिने तळहात दाबलेला होता. ती त्याच्यावर अंग टाकून पालथी झाली. मी ताडपत्री तिच्यावर ओढली आणि तिच्यासकट दाबून धरली.

"लागलं का ऊन?" मिलिंद ओरडला.

ताडपत्रीखालून आवाज आला, "माहीत नाही. हात ठेवला होता. टोकाची माती मी फेकतेच काका, पण आतली हलली असेल तर... माहीत नाही."

"कधी कळेल?"

"जानेवारीत."

दुसऱ्या दिवशी तिथे यंत्रं चालू झाली. आठवड्याने आम्ही पाहिलं तेव्हा पायथा भरला गेला होता, तपकिरी पट्टा दिसेनासा झाला होता. थँक्सगिव्हिंग झालं, बर्फ पडला. मुक्ता आली की मिलिंद तिच्या आवडीचं सावजी मटण व्हिडिओ बघून करायचा, तिखट इतकं की मी आणि अन्वी नाक पुसत जेवायचो. "काका, तुम्ही टेन्शन नका घेऊ ना," ती म्हणायची. तो म्हणायचा, "मी कुठे घेतोय? तू रस्सा घे."

जानेवारीत तिने आम्हाला लॅबमध्ये बोलावलं. बाहेर गोठणबिंदूच्या खूप खाली होतं. अंधाऱ्या खोलीत आम्ही दारातूनच डोकावलो. आत एक मिणमिणता तांबडा दिवा आणि त्याखाली तिचे हात. यंत्र शेजारच्या खोलीत होतं, जुन्या मिक्सरएवढं, कुठूनही उजेड शिरू नये असं बंद. पोलादाच्या नखाएवढ्या चकत्यांवर तिने कण चिकटवले होते. डोळ्यांना ते दिसतही नव्हते. आत चकतीवर निळा प्रकाश पडतो, आणि कण भरलेला असेल तर तो साठवलेलं सगळं उजेडाच्या रूपाने परत देतो. माणसाच्या डोळ्याला कधीच दिसणार नाही इतका क्षीण उजेड. यंत्राला दिसतो. पडद्यावर रेघ उठते.

"आधी तुमची बघा काका," ती म्हणाली आणि तिने कळ दाबली. रेघ तळाशी सरळ पडून राहिली. "कोकणकडा. वय शून्य." मिलिंद हसला.

मग तिने पायथ्याच्या पाइपमधली चकती लावली. तिची बोटं कळीवर जराशी थांबली. यंत्रात काहीतरी फिरल्याचा आवाज आला. मिलिंदने माझं मनगट धरलं होतं, त्याला ते ठाऊक नसावं.

रेघ उठली. सरळ वर गेली, पडद्याच्या माथ्यापर्यंत, आणि तिथून वाकून हळूहळू उतरू लागली, आधी वेगाने, मग रेंगाळत. "भरलेला आहे," मुक्ता म्हणाली. "काका, भरलेला आहे. ऊन नाही लागलं." मिलिंदने चष्मा काढला.

शेवटचं ऊन पाहिल्यानंतर त्या कणावर एक एक हिवाळा पडत गेला होता. वर डोंगर झाला, गवत आलं, माणसं आली, रस्ता आला. इतका काळ थेंबाथेंबाने जमवलेलं त्याने आमच्यासमोर चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात देऊन टाकलं. रेघ तळाला टेकली आणि थांबली.

"परत दाखव ना," मिलिंद म्हणाला.

"परत नाही होत काका. एका कणाचं एकदाच."

तिने पुढची चकती आत सरकवली आणि आम्ही तिघं पुन्हा काळ्या पडद्याकडे बघत बसलो.